उठवलेल्या गावांची वाट

भाच्याने माझ्या सायकलच्या टायरमधली हवा सोडायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याचा हातच धरला. पुण्यात लहानपणापासून एकच शिकलेय: चाक टणक हवं, अंगठ्याने दाबून दबलं तर पंप काढायचा. तो म्हणाला, "मावशी, आपण डांबरावरून फार नाही जाणार. हवा थोडी कमी असली की टायर खडीला धरून चालतं." मग त्याने माझा अंगठा टायरवर दाबून दाखवला. दोन बोटं रुंदीचं ते टायर पिकत आलेल्या पेरूसारखं किंचित दबत होतं. एवढीच हवा ठेवायची.

या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, पण टायर रुंद आणि चौकट आरामशीर. ती घेऊन मुरमाच्या, खडीच्या, मातीच्या रस्त्यांवरून दिवसभर जायचं. युरोपात स्पेनमधलं जिरोना हे जुनं तटबंदीचं शहर यासाठी नावाजलेलं आहे. तिथून ओलोतकडे जाणारी अरुंद रुळांची रेल्वे १९६९ साली बंद पडली आणि तिच्या जागेवरून आज सायकली धावतात. आमचं गाव मात्र श्रूजबरी. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेला. माझी बहीण तिथे वीस वर्षं राहते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, मेपल पेटले होते, आणि भाचा बॉस्टनच्या कॉलेजातून दोन दिवसांसाठी घरी आला होता.

श्रूजबरी आता आपल्या लोकांना परकं राहिलेलं नाही. इंडिया सोसायटी ऑफ वूस्टरचं केंद्र याच गावात मेन स्ट्रीटवर आहे, गणपती-दिवाळीच्या दिवसांत रस्त्यावर पैठण्या दिसतात. पण या टेकडीवरच्या गावाची जुनी ओळख वेगळी. गर्भनिरोधक गोळीचं मूळ संशोधन ग्रेगरी पिंकस आणि एम. सी. चँग यांनी इथल्याच संस्थेत केलं. १९६० साली तिला परवानगी मिळाली. आणि पलीकडे क्विन्सिगामंड तळ्यापार वूस्टर शहर. तिथे राहणारा मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटू १८९९ साली माँट्रियलला जगज्जेता झाला. त्याने वूस्टरच्या चांगल्या वस्तीत घर घेतलं, तर शेजाऱ्यांनी ते परत विकत घेऊन त्याला घालवायचा प्रयत्न केला. तो हलला नाही. ज्या जॉर्ज स्ट्रीटच्या उभ्या चढावर तो सराव करायचा, तो चढ आम्ही आदल्या संध्याकाळी पाहून आलो.

सकाळी निघताना पहिला थांबा घरापासून फार लांब नव्हता. मेन स्ट्रीटवर आर्टेमस वॉर्डचं लाकडी घर आहे, आज हार्वर्ड विद्यापीठाच्या मालकीचं. १७७५ साली जॉर्ज वॉशिंग्टन येईपर्यंत बॉस्टनला वेढा घातलेल्या अमेरिकन फौजांचा सेनापती हा वॉर्ड. मला मात्र त्याची ११ वर्षांनंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. स्वातंत्र्ययुद्धातून परतलेले शेतकरी कर्जात आणि करांत बुडाले होते. सावकार कोर्टात जात, कोर्ट जमीन आणि गुरं विकायला लावी, कर्जदाराला तुरुंगात टाकी. सप्टेंबर १७८६ मध्ये या शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन वूस्टरचं कोर्ट अडवलं. न्यायाधीश होता वॉर्ड. समोर उभे असलेल्यांतले कितीतरी जण एकेकाळी त्याच्याच बाजूने लढलेले. संगिनी छातीला टेकल्या असताना तो पायऱ्यांवर उभा राहून त्यांच्याशी वाद घालत राहिला, पण कोर्ट काही भरू शकलं नाही. पुढाऱ्याच्या नावावरून याला शेजचं बंड म्हणतात. वाचताना मला सुपे आठवलं. १२ मे १८७५ ला आपल्या पुणे जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखतं जाळली. मधे ८९ वर्षं आणि सात समुद्र, पण कागदाचा धाक तोच. या बंडाचा शेवट जिथे झाला, ते पीटरशॅम आमच्या वाटेवरच होतं.

बॉइल्स्टनपर्यंत डांबरी रस्ता. मग झाडांमागे एकदम निळं पाणी उघडलं. हा वाचूसेट जलाशय. काठावर वेस्ट बॉइल्स्टनचं दगडी चर्च एकटंच उभं आहे, १८९०-९२ च्या सुमाराचं. आत काही नाही. नुसत्या भिंती, छप्पर, आणि खिडक्यांतून दिसणारं पाणी. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, त्याची आठवण झाली. हे मात्र कधी बुडलंच नाही, बुडालं ते त्याच्याभोवतीचं गाव. सुमारे १७०० माणसांना इथून उठवलं. घरं, शाळा, गिरण्या पाडल्या. १९०८ साली जलाशय भरला तेव्हा जगात पाणीपुरवठ्यासाठी बांधलेलं एवढं मोठं तळं दुसरं नव्हतं. आपल्या हिशेबात ते पावणेनऊ टीएमसी, म्हणजे पानशेतपेक्षा जरा कमी.

पाणी कोणासाठी? बॉस्टनसाठी. शहराने १८४८ मध्ये जवळच्या कोचिच्युएट तळ्यातून पाणी नेलं, ते पुरेना म्हणून पुढे सडबरी नदी, ती पुरेना म्हणून वाचूसेट, आणि तेही पुरेना म्हणून त्याहून पश्चिमेला क्वाबिन. आपल्या मुंबईचंही असंच. १८६० मध्ये विहार, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणा, मग भातसा. शहराचा हात दर पिढीला आणखी एक खोरं लांब जातो. शहापूर तालुक्यातल्या बायका धरणांच्या शेजारी राहून उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाचा बॉस्टनला राहतो, म्हणजे हेच पाणी पितो. त्याला हे चर्च फोटो काढायची जागा म्हणून माहीत होतं. मी त्याला सांगितलं, तुझ्या आजीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. शिवाजीसागराखाली आहे ते. तो सायकलला टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.

इथून पुढे खरी वाट सुरू झाली. क्विनापॉक्सेट नदीच्या काठाने मॅसॅच्युसेट्स सेंट्रल रेल्वेचा जुना मार्ग जातो. बॉस्टन ते नॉर्दॅम्प्टन १०४ मैलांची ही रेल्वे कधी फारशी चाललीच नाही. गावं लहान, गिरण्या इतर मार्गांवर. २१ सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळाने तिचे पूल आणि भराव वाहून नेले, त्यानंतर या भागातले रूळ पुन्हा जोडले गेले नाहीत. पुढे १९९५ पासून वाचूसेट ग्रीनवेज नावाच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी गावागावांतून हा मार्ग मोकळा केला, छोटे पूल बांधले आणि वर दगडाची बारीक भुकटी दाबून बसवली. आपल्याकडे बांधकामावर जिला कच म्हणतात ना, तीच. पावसाने ती घट्ट बसते, वर चाक गेलं की पापड मोडल्यासारखा बारीक आवाज येतो. पहिला अर्धा तास मी फक्त तो आवाज ऐकत होते.

रेल्वेला उभा चढ चालत नाही, म्हणून हा मार्ग डोंगर चढतो तेही आपल्याला कळू न देता. जलाशय समुद्रसपाटीपासून १२० मीटरवर, रटलंड गाव ३५० मीटरच्या पुढे. दोन तास पेडल मारताना चढ जाणवला नाही, फक्त गिअर एकेक करत खाली आले होते. रटलंडच्या अलीकडे मार्ग खडक फोडून काढलाय. दोन्हीकडे माणसाच्या कितीतरी वर जाणाऱ्या काळ्या भिंती, त्यांवर शेवाळ, वरून पाणी टिपकतंय, आणि आत शिरताच हवा एकदम गार. मी हात लावून पाहिला तर खडकावर उभ्या अर्धगोल खोबणी होत्या, मनगटाएवढ्या. सुरुंगाची भोकं पाडलेल्याच्या खुणा. बोरघाटात रेल्वेतून दिसतात तशा. शेवाळाखालीही बोटांना कळत होत्या.

वाटेत माझं लक्ष सारखं जंगलातल्या भिंतींकडे जात होतं. गुडघ्याएवढ्या, बिनचुन्याच्या, दगडावर दगड रचलेल्या. कोकणात आपण ज्याला गडगा म्हणतो, अगदी तो. पण गडगा वाडीला असतो, शेताला असतो. घनदाट जंगलातून सरळ रेषेत गडगा का जावा? उत्तर ऐकून मी थक्क झाले: हे जंगल नव्हतंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथली निम्म्याहून अधिक जमीन उघडी शेतं आणि कुरणं होती. हिमनद्यांनी आणून टाकलेले दगड दर वसंतात जमिनीतून वर यायचे, शेतकरी ते उचलून बांधावर रचायचे. १८२५ मध्ये ईरी कालवा झाला, पश्चिमेची काळी सपाट जमीन आणि तिचं स्वस्त धान्य हाताशी आलं, आणि इथल्या पोरांनी नांगर सोडला. कोणी ओहायोला गेलं, कोणी गिरणीत. मोकळ्या शेतांत पांढरा पाइन उगवला, मग ओक आणि मेपल. या मार्गाच्या शेवटाजवळ पीटरशॅमला १९०७ पासून हार्वर्डचं संशोधन-जंगल आहे, तिथे हीच कथा अभ्यासतात. माणूस निघून गेल्यावर झाड किती लवकर परत येतं, हे मी इतक्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच पाहिलं.

पण सगळीच माणसं आपणहून गेली नाहीत. त्या शेतकऱ्यांच्याही आधीचे निपमक लोक. क्विन्सिगामंड, वाचूसेट, क्वाबिन, या मार्गावरची पाण्याची ही नावं त्यांच्या भाषेतली. इंग्रज वसाहतवाल्यांशी झालेल्या १६७५-७६ च्या युद्धानंतर त्यांचा मुलूख गेला. श्रूजबरीला लागून असलेल्या ग्राफ्टनमध्ये आज त्यांच्याकडे कधीच न सुटलेली जमीन उरली आहे ती जेमतेम तीन-साडेतीन एकर.

रटलंड हे हवा खायचं ठिकाण होतं. १८९८ साली इथे क्षयरोग्यांसाठी सरकारी आरोग्यधाम उघडलं, राज्य सरकारने चालवलेलं देशातलं पहिलं. आपलं पाचगणी जसं. जवळच्या जंगलात एका जुन्या कैदी-छावणीचे काँक्रीटचे अवशेष आहेत. दारू पिऊन पकडलेल्या, किरकोळ गुन्ह्यांच्या कैद्यांकडून तिथे बटाटे पिकवून घेत, गाई पाळून घेत. १९३४ मध्ये ती बंद झाली. कारण? पाणी. वेअर नदीचं पाणी बॉस्टनकडे वळवायचं ठरलं होतं आणि छावणी तिच्या पाणलोटात येत होती.

त्याच कारणाने पुढचं कोल्डब्रुक स्प्रिंग्ज गाव गेलं. गार झऱ्यांमुळे पडलेलं नाव, उन्हाळ्यात येणारे पाहुणे, हॉटेलं, खोक्यांचा कारखाना. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळं विकत घेऊन पाडलं. आज जुन्या रेल्वेमार्गाच्या कडेला झाडीत फक्त जोती दिसतात. या भागात पायांखालून एक बोगदाही जातो, क्वाबिनपासून वाचूसेटपर्यंत सुमारे ४० किलोमीटर, खडकातून. वेअर नदीचं पाणी त्यात सोडलं की गरजेप्रमाणे ते पूर्वेलाही जाऊ शकतं आणि पश्चिमेलाही. एकाच बोगद्यात दोन दिशा, तीही उताराच्या जोरावर. हे मला विलक्षण वाटलं, आणि बांधणाऱ्यांबद्दल आदरही वाटला. त्या आदराने जोत्यांचं दुःख कमी झालं नाही, पण तो होता.

बॅरी गावापासून पुढे रेल्वे सोडून मातीचे रस्ते धरले. इथले छोटे रस्ते अजून डांबराविना आहेत, आणि लोकांना ते तसेच हवे आहेत. एका घरासमोर टेबलावर लाल भोपळे मांडलेले, शेजारी पैसे टाकायला डबा, राखायला कोणी नाही. या गावांच्या मधोमध हिरवं मैदान असतं, त्याला कॉमन म्हणतात. आज तिथे बाकं आणि स्मारकं आहेत, पण मुळात ते आपलं गायरान. गावाचे निर्णय अजून वर्षातून एकदा सगळ्या मतदारांनी एकत्र बसून, हात वर करून होतात. पीटरशॅमची लोकसंख्या बाराशेच्या आसपास, आणि रस्त्याला किती खर्च करायचा हे ते असंच ठरवतात. आपल्या ग्रामसभेला कायद्याने दिलेलं काम ते रीत म्हणून करत आले आहेत.

याच पीटरशॅममध्ये ४ फेब्रुवारी १७८७ च्या सकाळी शेजचं बंड मोडलं. सरकारी फौज रात्रभर हिमवादळातून चालत आली आणि बेसावध शेतकऱ्यांवर तिने छापा घातला. दीडशेच्या आसपास पकडले गेले, बाकीचे बर्फातून पळाले. त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियाला देशाची राज्यघटना लिहायला माणसं जमली, त्यामागे या बंडाची धास्ती हे एक मोठं कारण. कॉमनवर आम्ही पोळीचा रोल खाल्ला. बहिणीने सोबत शेंगदाण्याची चटणी दिली होती, ती संपली तेव्हा भाच्याने डबा बोटाने पुसून काढला.

दुसऱ्या दिवशी दाना.

पीटरशॅमच्या दक्षिणेला रस्त्याच्या कडेला एक लोखंडी आडवं फाटक आहे, नंबर ४०. क्वाबिनभोवती अशी पन्नासहून जास्त फाटकं आहेत. या फाटकातून मोटार नेता येत नाही, सायकल नेता येते. आतला रस्ता एकेकाळी डांबरी होता, आता अर्धा खडी, अर्धा पानगळ. दोन्ही बाजूंना पुन्हा तेच गडगे. तीनेक किलोमीटर गेल्यावर झाडी बाजूला होते आणि समोर गवताचं मोकळं मैदान येतं. दाना कॉमन.

१८०१ साली स्थापन झालेलं हे गाव. इथल्या घराघरांत एकोणिसाव्या शतकात बायका ताडपानाच्या टोप्या विणायच्या. पान क्यूबाहून यायचं, दुकानदार ते घरी आणून द्यायचा, तयार टोप्या मोजून घेऊन बदल्यात सामान द्यायचा. सिन्नरला, सोलापूरला घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांचा हिशेब याहून फार वेगळा नाही. दाना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट, स्विफ्ट नदीच्या खोऱ्यातली ही चार गावं २८ एप्रिल १९३८ ला कायद्याने संपली. आदल्या रात्री एनफील्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा नाच ठेवला होता. मध्यरात्री बँड थांबला, आणि नाचणाऱ्यांचं गाव नकाशावरून पुसलं गेलं. सुमारे अडीच हजार माणसं उठली. झाडं तोडायला बॉस्टनकडून आणलेल्या नवख्या मजुरांना गावकरी 'सुतारपक्षी' म्हणत. खोरं भरायला १९४६ उजाडलं. क्वाबिनमध्ये ५५ टीएमसी पाणी मावतं, आपल्या कोयनेच्या निम्म्याहून थोडं जास्त.

मी सायकल गवतात आडवी केली आणि पाणी शोधू लागले. पाणी कुठेच नव्हतं. गावाच्या मैदानावरून तळं दिसतही नाही. दाना कॉमन बुडालेलं नाही, ते पाण्याच्या वर आहे. तरी एकेक घर पाडलं, कारण इथे माणसं राहिली असती तर त्यांचे गोठे, त्यांचे संडास, त्यांचा ओढा उतरून त्या पाण्यात गेला असता. बॉस्टन आणि परिसरातली तीस लाखांच्या आसपास माणसं आजही हे पाणी गाळणीविना पितात. त्यावर ओझोनची आणि अतिनील किरणांची प्रक्रिया होते, पण गाळायची गरज पडत नाही, कारण पाण्याभोवती जंगल आहे. आणि जंगल आहे, कारण गाव नाही. दोन दिवस ज्या निवांत वाटेचं मी मनापासून कौतुक करत होते, मोटारीचा आवाज नाही, नवं बांधकाम नाही, हॉर्न नाही, ती निवांत का आहे ते मला इथे कळलं.

मैदानाभोवती जोत्याचे खड्डे आहेत. इथल्या घरांना तळघर असतं, त्यामुळे घर गेलं की चौकोनी दगडी खड्डा उरतो. शेजारी फलकावर त्या घराचा जुना फोटो. एका ठिकाणी नुसती दारासमोरची पायरी होती. ग्रॅनाइटची एकच लांब फाडी, मधोमध झिजून किंचित खोलगट झालेली. तिच्या दोन्ही अंगांना लायलॅकची झुडपं. दाराशी लायलॅक लावायची इथली पद्धत, फुलं मे महिन्यात येतात. कोकणात पडक्या घरासमोर तुळशीवृंदावन उभं असतं, तसं ते वाटलं मला. पायरीवर मेपलची दोन पानं पडली होती. मी ती उचलली नाहीत.

मैदानात एक दगड आहे, आपली घरं आणि जगणं सोडून दिलेल्यांच्या नावाने बसवलेला. दर जुलैत इथे जुने दानाकर आणि त्यांची मुलंनातवंडं जमतात. २०१३ साली या जागेची राष्ट्रीय वारसास्थळांत नोंद झाली. सगळं पाडून ७५ वर्षं झाल्यावर.

परतताना पीटरशॅमच्या कॉमनवर फोनला रेंज आली. आपल्याकडे रात्र झाली होती. मी आईला व्हिडिओ लावला आणि तिला फोटो दाखवले. ती ८१ वर्षांची. तिने पायरीचा फोटो मोठा करून पाहिला.

"पाणी कुठंय?"

"इथवर आलंच नाही."

"मग का उठवलं?"

भाच्याने सांगितलं. स्वच्छ पाणी, जंगल, बॉस्टन. मराठी अडखळत होतं, पण त्याने सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि देव? देव कुठं नेले?"

त्यांनी मेलेली माणसं नेली, मी म्हटलं. चारही गावांतली साडेसात हजारांच्या आसपास थडगी उकरून धरणाजवळच्या नव्या स्मशानात हलवली. नावांचे दगडसुद्धा.

ती थोडा वेळ गप्प होती. मग भाच्याकडे बघून तिने सांगायला सुरुवात केली, की त्यांच्या गावच्या भैरोबाला बैलगाडीत घालून नेलं, खाली पेंढा आणि वर घोंगडी, आणि नव्या गावठाणात पहिले तीन महिने देव एका कुडाच्या खोपटात होता. कोणाच्याच घराला अजून भिंत नव्हती. तो माझ्या हातातून फोन घेऊन बाकावर जाऊन बसला. मी दोन्ही सायकलींच्या टायरमध्ये हवा भरायला घेतली. पुढचा रस्ता डांबरी होता.